एकाच फ्लॅटवर तिसरा फेरा : सांगलीतल्या नव्या एसी हेल्परचं प्रकरण

परिस्थिती

विश्रामबागेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बेडरूममध्ये दीड टनी इन्व्हर्टर स्प्लिट एसी बसला, गॅस आर-३२. एप्रिलच्या सुरुवातीला तक्रार आली की थंड होतोय, पण पहिल्यासारखा नाही. दुकानातला एक फिटर गेला, गेज लावलं, प्रेशर कमी दिसलं, गॅस मारला आणि परतला. दोन आठवड्यांनी पुन्हा फोन. जाणते मिस्त्री त्या दिवशी मिरजेच्या एका हॉस्पिटलात अडकलेले, म्हणून सहा महिन्यांपूर्वी आयटीआय करून लागलेल्या हेल्परला पाठवलं.

हे प्रकरण नमुन्याचं आहे. सांगली-मिरज पट्ट्यात दर उन्हाळ्यात थोड्याफार फरकाने असंच घडतं, आणि या धंद्यात नवा आलेला मुलगा घडतो की नुसता हमाल राहतो, हे अशाच एखाद्या कॉलवर ठरतं. म्हणून बिघाड आणि मुलाची उमेदवारी या दोन्ही गोष्टी इथे एकत्र तपासल्या आहेत.

तो काय शिकून आला होता

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड. आज त्याचं नाव रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन. जुनी माणसं अजून ‘एमआरएसी’ म्हणतात. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन, इव्हॅपोरेटर हे चक्र त्याला पाठ होतं. मल्टिमीटर धरता येत होता, गॅस वेल्डिंगच्या ज्योतीची भीती मोडली होती. दुकानात आल्यावर पहिले सहा महिने मात्र वेगळेच गेले. पंचवीस-तीस किलोचं आउटडोअर जिन्याने वर न्यायचं, ६५ मिलिमीटरचं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवून पाडायचं, ब्रॅकेटचे अँकर ठोकायचे, ड्रेन पाइपला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार द्यायचा, सर्व्हिसिंगला कॉइल धुवायची.

ही कामं हलकी नाहीत आणि फुकटही नाहीत. भोकाचा उतार चुकला तर पावसाचं पाणी भिंतीत शिरतं, ड्रेनचा उतार चुकला तर गादीवर पाणी पडतं. पण सहा महिन्यांत त्याच्या हाताने एकही फ्लेअर (तांब्याच्या पाइपाचं टोक शंकूने फुलवून नटात बसवण्यासाठी केलेलं तोंड) झाला नव्हता. फ्लेअर फिटर करतो आणि हेल्पर पाना धरतो, ही बहुतेक दुकानांतली रीत. आमच्या मते या प्रकरणातली पहिली गळती इथली.

कॉलवर काय दिसलं

दार उघडल्याबरोबर काकूंनी विचारलं, “अरे, तुमचा तो माणूस परवाच गॅस भरून गेला की. गॅस पितो का काय हा एसी?”

प्रश्न बरोबर होता. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळीत तोच फिरत राहतो, दहा वर्षं मशीन चाललं तरी. कमी झाला असेल तर कुठूनतरी बाहेर गेला आहे. ‘दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्यावा लागतो’ हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसवलं ते या धंद्यानेच.

मुलाने आधी फिल्टर काढून पाहिला. स्वच्छ होता. हे पहिलं पाऊल महत्त्वाचं, कारण तुंबलेला फिल्टरही प्रेशर पाडतो आणि कॉइलवर बर्फ आणतो. फरक असा की हवा कमी असेल तर बर्फ कॉइलभर सारखा पसरतो. गॅस कमी असेल तर आत शिरणाऱ्या नळ्यांपाशी बर्फाचा पट्टा दिसतो आणि बाकीची कॉइल कोरडी, कोमट राहते. इथे पट्टा होता.

मग तापमानं. इनडोअरमध्ये शिरणारी हवा २९ अंश, बाहेर पडणारी २२. म्हणजे फरक ७. धडधाकट मशीनमध्ये तो साधारण १० ते १४ असतो.

गेज लावण्याआधी त्याने मशीन टेस्ट मोडवर (कॉम्प्रेसर ठरलेल्या पूर्ण वेगावर चालवायची सोय) घेतलं, आणि इथे आयटीआयच्या पुस्तकापलीकडची एक गोष्ट त्याने केली. इन्व्हर्टर मशीन खोली निवली की कॉम्प्रेसरचा वेग आपोआप उतरवतं. वेग उतरला की सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) वर चढतं, आणि गॅस कमी असलेलं मशीनही गेजवर निरोगी दिसू शकतं. वेग बांधून घेतल्याशिवाय घेतलेल्या रीडिंगवर निर्णय घेऊ नये. टेस्ट मोड कसा लावायचा हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं असतं. पुस्तिका फोनमध्ये ठेवावी.

पूर्ण वेगावर सक्शन दाखवलं ७८ पीएसआय (दाबाचं एकक). आर-३२ साठी या प्रेशरला गॅस उकळण्याचं तापमान उणे ७-८ अंशांच्या आसपास येतं, म्हणून बर्फ. नीट भरलेल्या मशीनला अशा हवेत १२० ते १३० अपेक्षित होतं, म्हणजे ५ अंशांच्या आगेमागे. आउटडोअरच्या जाड पाइपवर तापमापकाचा चिमटा लावला तर २० अंश. उकळण्याच्या तापमानापेक्षा पाइप २८ अंशांनी गरम! या फरकाला सुपरहीट म्हणतात आणि तो ५ ते १० च्या घरात हवा. कॉइल उपाशी आहे, हे सांगायला याहून मोठा पुरावा लागत नाही.

जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेल्यांसाठी इथेच एक इशारा. आर-२२ वर ६०-७० पीएसआय सक्शन म्हणजे ठीक, हा आकडा पिढीच्या तोंडात बसला आहे. आर-३२ ला तोच आकडा लावला तर ७८ पाहून माणूस ‘गॅस जास्तच आहे’ म्हणेल. आउटडोअरवरचा स्टिकर वाचून गॅस कोणता ते पाहिल्याशिवाय गेज जोडायचंच नाही.

त्याने जाणत्या मिस्त्रींना, म्हणजे अण्णांना, फोन केला.

“अण्णा, सक्शन अठ्ठ्याहत्तर आहे. टेस्ट मोडवर. सुपरहीट अठ्ठावीस येतंय.”

“गॅस मारला नाहीस ना?”

“नाही अजून.”

“मग मारूच नको. मशीन बंद कर, इनडोअरच्या मागचं इन्सुलेशन सोड. तेल दिसतंय का बघ. मी येतो संध्याकाळी.”

गळती कुठे आणि का

गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेल सतत फिरत असतं. गॅस निसटतो तिथे तेलाचा ओलसर डाग राहतो आणि त्यावर धूळ बसते. इनडोअरच्या मागे, अर्धा इंची (मिस्त्री लोक ‘चार सुती’ म्हणतात) जोडावरचं इन्सुलेशन सोडल्यावर आतून काळपट, चिकट निघालं. साबणपाणी लावलं. दोन मिनिटं काही नाही, मग नटाच्या मागून बारीक पांढरा फेस हळूहळू वर आला. साबण लावून लगेच पुसून टाकणाऱ्याला ही गळती कधीच दिसत नाही. डिटेक्टर वापरायचा तर ब्लोअर बंद करून, जोडाच्या खालच्या बाजूला धरावा. हा गॅस हवेपेक्षा जड आहे.

आधीच्या फिटरनेही साबण लावला होता, पण फक्त आउटडोअरच्या दोन जोडांना. इनडोअर काढायला दोन माणसं लागतात आणि एप्रिलमध्ये दिवसाला सहा-सात कॉल असतात. चुकीचं का झालं हे समजतं. बरोबर ठरत नाही.

अण्णा आल्यावर नट सोडला. फ्लेअरचा गोल एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. बसण्याच्या तोंडावर वळणाचे ओरखडे. रुंद बाजूला केसाएवढी चीर. प्रत्येक खुणेचं कारण वेगळं आहे.

एका बाजूला अरुंद, कारण पाइप काटकोनात कापला गेला नव्हता. कटरचं चाक बोथट झालं की माणूस एका फेऱ्यात जास्त दाब देतो, पाइप अंडाकृती होतो आणि आत जाड बर (कापल्यावर उरणारी तांब्याची धार) येते. ओरखडे, कारण ती बर नीट काढली नाही आणि शंकू तिच्यासकट फिरला. चीर मात्र पान्याने आणली. जुना मोठा ॲडजस्टेबल पाना, एकच, दुसरा आधाराला नाही, आणि “आवळ, अजून आवळ” ही आज्ञा.

इथे हिशोब करून पाहण्यासारखा आहे. अर्धा इंची नटाला ४९ ते ६१ न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) लागतो, पाव इंचीला १४ ते १८. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला अर्धा इंचीसाठी साधारण २२ किलोचा जोर होतो, पाव इंचीसाठी साडेसहा. म्हणजे तिपटीहून जास्त फरक. हाताच्या अंदाजाने दोन्ही नट ‘घट्ट’ केले तर एक ढिला राहतो किंवा दुसरा फाटतो. टॉर्क पाना ही चैन नाही.

मग पहिल्याच दिवशी का कळलं नाही? बसवताना नायट्रोजनची चाचणी (नळीत नायट्रोजन दाबून गळती पाहणं) झालीच नव्हती आणि व्हॅक्यूमही (पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं) नाही. आउटडोअरमधला गॅस किंचित सोडून पाइपातली हवा हाकलली, ज्याला ‘पर्ज मारणं’ म्हणतात. ही सवय आर-२२ च्या काळातली. तेव्हाही वाईट होती, आता धोक्याची आहे. आर-३२ मंद का होईना पेट घेणारा गॅस आहे. शिवाय या मशीनमधलं तेल हवेतली ओल शोषून घेतं. ओल आणि तेल मिळून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरची वायंडिंग खातं. तो परिणाम तीन आठवड्यांत नव्हे, दोन-तीन वर्षांत दिसतो, तेव्हा वॉरंटीचा वाद सुरू होतो आणि बसवणारा मुलगा दुसऱ्या दुकानात गेलेला असतो.

दुरुस्ती, जशी झाली तशी

उरलेला गॅस आधी काढून घेतला. सोपा मार्ग म्हणजे पंप-डाऊन, म्हणजे गॅस आउटडोअरमध्येच ओढून व्हॉल्व्ह बंद करणं. पण गळती असलेल्या मशीनवर तो करू नये. सक्शन शून्याखाली गेलं की फुटक्या जोडातून हवा आत ओढली जाते. हवा, तेलाचं धुकं आणि कॉम्प्रेसरचा दाब एकत्र आले की आउटडोअर फुटू शकतं. अशा स्फोटांत माणसं दगावली आहेत. म्हणून आर-३२ ला चालणाऱ्या रिकव्हरी मशीनने गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये घेतला. रिकव्हरी सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही, उष्णतेने द्रव फुगतो.

काट्यावर आला ५४० ग्रॅम. स्टिकरवर होतं ९०० ग्रॅम, तेही ५ मीटर पाइपापर्यंत. पुढे दर मीटरला २० ग्रॅम जादा. पाइप ६ मीटर, म्हणजे हवे होते ९२०. मधल्या फेरीत भरलेला गॅस धरून ही अवस्था.

खोली भरून गॅस पेटेल का, ही भीती काकूंनाही होती. आर-३२ पेटण्यासाठी हवेत दर घनमीटरला साधारण ३०० ग्रॅम लागतो. ३१ घनमीटरच्या त्या बेडरूममध्ये सगळा ९०० ग्रॅम सुटून सारखा पसरला तरी दर घनमीटरला ३० ग्रॅमही होत नाही. खोली पेटत नाही. धोका असतो तो जोडाच्या तोंडाशी, जिथे गॅस दाट असतो आणि कोणी टॉर्च पेटवतं तिथे. म्हणून ब्रेझिंगच्या (ज्योतीने तांब्याचे जोड जोडण्याच्या) आधी गॅस पूर्ण काढायचा, नायट्रोजनने नळी धुवायची, खिडक्या उघड्या ठेवायच्या. आर-२९० म्हणजे प्रोपेन असलेलं मशीन असेल तर नियम याहून कडक, कारण तो हवेत दोन टक्क्यांच्या वर गेला की पेटतो.

फ्लेअर या वेळी अण्णांनी मुलाकडून करून घेतला. खराब टोक कापलं. कटर दर फेऱ्याला थोडाच आवळायचा. पाइपाचं तोंड खाली धरून बर काढायची, म्हणजे तुकडे आत पडत नाहीत. नट आधी पाइपात घालायचा. हे विसरलं नाही असा एकही फिटर नसेल. शंकूला तेलाचा थेंब. फ्लेअर झाल्यावर व्यास मोजायचा : अर्धा इंचीला १६.२ ते १६.६ मिलिमीटर, पाव इंचीला ८.७ ते ९.१. मुलाचा पहिला फ्लेअर १५.८ आला, कापून टाकला. दुसरा १६.४. नट निदान तीन-चार आटे हाताने गेला पाहिजे. हाताने जात नसेल तर आटा तिरका धरला आहे. शेवटी दोन पाने, एक आधाराला आणि एक टॉर्कचा.

मग नायट्रोजन. सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या घरात दाब असतो, रेग्युलेटरशिवाय जोडायचा विचारही करू नये. आणि ऑक्सिजन कधीच वापरायचा नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. आधी ४५ पीएसआयवर थांबून कान दिला, मग २२०, मग ४००. तिथे रात्रभर ठेवलं.

सकाळी गेजवर ३८८. मुलाचा चेहरा उतरला. पण संध्याकाळी ३४ अंश होते आणि पहाटे २५. बंद नळीतला दाब तापमानाबरोबर उतरतो. हवेचा १४.७ पीएसआय धरून ४१४.७ ला २९८ ने गुणलं आणि ३०७ ने भागलं की ४०२.५ येतात, त्यातून १४.७ वजा केले की ३८८ उरतात. (२९८ आणि ३०७ म्हणजे त्या तापमानांत २७३ मिळवलेले.) गळती शून्य. चाचणी लावताना दाबाबरोबर तापमान लिहून ठेवलं नाही तर निरोगी जोड सोडून बसायची वेळ येते.

नायट्रोजन सोडून दोन टप्प्यांचा व्हॅक्यूम पंप लावला. साध्या गेजचा काटा पाच मिनिटांतच तळाला जातो आणि तिथेच बहुतेक लोक पंप काढतात. तो काटा ५०० मायक्रॉन आणि ५,००० मायक्रॉन (आत उरलेल्या दाबाचं बारीक माप, जितकं कमी तितकं चांगलं) यांतला फरक दाखवूच शकत नाही. डिजिटल मायक्रॉन गेजवर ५०० यायला चाळीस मिनिटं लागली. पंप तोडून दहा मिनिटं पाहिलं : ७२० वर जाऊन थांबलं. थांबलं म्हणजे पास. दीड-दोन हजारांवर जाऊन स्थिर झालं असतं तर आत ओल उरली आहे. चढतच राहिलं असतं तर गळती.

काट्यावर ९२० ग्रॅम आर-३२ भरला. पूर्ण वेगावर सक्शन १२६, हवेतला फरक १२. काम संपलं.

दुकानाने काय बदललं

मालकांनी एक छापील कार्ड सुरू केलं. आउटडोअरच्या झाकणाच्या आत चिकटवायचं, त्यावर चार आकडे : नायट्रोजन किती आणि किती वेळ, व्हॅक्यूम किती मायक्रॉन, गॅस किती ग्रॅम, हवेतला फरक किती. फिटरांनी कुरकुर केली, कारण बसवायला तास-दीड तास जास्त जातो. या एका एसीवर मात्र दोन जादा फेरे, सव्वा दिवस, दोनदा गॅस आणि काकूंच्या सोसायटीतली बाकीची गिऱ्हाइकं पणाला लागली होती. दुसरा बदल असा की हेल्परने रोज सकाळी भंगारातल्या तुकड्यांवर दोन फ्लेअर करून दाखवायचे, तेही व्यास मोजून. तांब्याचे वीतभर तुकडे प्रत्येक दुकानात पडलेले असतात.

नव्या मुलाने यातून दुकान कसं निवडावं

पगार किती, हा प्रश्न विचारावाच. पण त्याआधी दुकानात नजर फिरवावी. नायट्रोजनचा सिलिंडर आणि रेग्युलेटर आहे का? वजनकाटा? मायक्रॉन गेज? टॉर्क पाना? यांतलं काहीच नसेल तर तिथे दोन वर्षं राहूनही तो ‘गॅस मारणारा’च होईल. पाचशे-हजार रुपये कमी मिळाले तरी अवजारं असलेलं दुकान धरावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न रिपीट कॉलचा. तोच एसी पुन्हा बिघडला तर पैसे कोणाच्या अंगावर? काही दुकानं कॉलमागे कमिशन देतात. तिथे गळती शोधणाऱ्यापेक्षा गॅस मारून पळणारा जास्त कमावतो. पहिल्या वर्षी महिन्याचा ठरलेला पगार बरा.

तिसरी गोष्ट उंचीवरची. या कामात विजेपेक्षा पडून माणसं जास्त दगावतात, असं धंद्यातली जुनी माणसं सांगतात. छज्ज्यावर उभं राहून आउटडोअर उचलायला सांगणाऱ्याला पट्टा आणि दोर मागावा. तो हसला तर दुकान बदलावं. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं, चार माणसांच्या दुकानाला नाही. अशा मुलाने निदान बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यावी : वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण.

विजेबद्दल थोडक्यात. दीड टनी एसीला स्वतंत्र लाइन, २० अँपिअरचा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं. नवी लाइन ओढणं हे परवानाधारक वायरमनचं काम आहे, हेल्परचं नाही. इन्व्हर्टरच्या बोर्डावर वीज तोडल्यानंतरही तीनशे व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो. दहा मिनिटं थांबायचं, मीटरने पाहायचं, मग हात घालायचा.

स्वतःची अवजारं एकदम घेऊ नयेत. आधी क्लॅम्प मीटर (दोन-तीन हजारांत बरा मिळतो), चांगला कटर, बर काढायचं साधन आणि व्हर्निअर. मग ऑफसेट शंकूचं फ्लेअरिंग टूल. टॉर्क पाना आणि काटा पहिल्या हंगामाच्या कमाईतून. व्हॅक्यूम पंप स्वतंत्र कामं घ्यायला लागल्यावर.

पुढचे रस्ते, इथलेच

सांगलीत या कामाला एसीपलीकडे बरंच आहे आणि मुलं त्याकडे उशिरा पाहतात. तासगाव-सांगली भागातली बेदाण्याची शीतगृहं अमोनियावर चालतात. तिथे तांबं चालत नाही, अमोनिया ते खातो. सगळी पाइपिंग लोखंडी, म्हणून फ्लेअरपेक्षा वेल्डिंग आणि व्हॉल्व्हची पॅकिंग कामाला येते. काम पाळीचं, दर तासाला दाब-तापमान नोंदवायचं, तेल काढायचं, कॉइलवरचा बर्फ उतरवायचा. अमोनियाचा वास पाच-दहा पीपीएमलाच (हवेच्या दहा लाख भागांत पाच-दहा भाग) नाकात शिरतो, ही त्याची मेहेरबानी. ३०० पीपीएमला जिवाला धोका. मास्क कुठे टांगला आहे आणि वारा कुठून येतोय, हे पाहून मगच प्लांटमध्ये शिरायचं. द्राक्षाचा बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो, म्हणजे एसीचा हंगाम आणि शीतगृह भरण्याचा हंगाम एकच. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही.

दुधाचं तसं नाही. गावोगावच्या संकलन केंद्रांवरचे बल्क मिल्क कूलर बारमाही चालतात. दूध चार अंशांवर वेळेत आणायचं असतं आणि मशीन पहाटे बंद पडलं तर सकाळचं संकलन नासतं. इथे वेगाला किंमत आहे. मिरजेची हॉस्पिटलं हा तिसरा रस्ता : ऑपरेशन थिएटरचे एअर हँडलिंग युनिट, फिल्टर बदलण्याच्या नोंदी, रक्तपेढीचे फ्रीज. तिथे कागद नीट लिहिणारा माणूस टिकतो.

आउटडोअर कुठे ठेवायचं हा प्रश्न मात्र या शहरात वेगळा आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी जिथवर आलं, तिथे तळमजल्यावरच्या भिंतीला खाली ब्रॅकेट मारू नये. गिऱ्हाइक “पाइप कमी लागेल” म्हणेल. दोन मीटर जादा पाइप आणि ४० ग्रॅम गॅस बोर्ड आणि कॉम्प्रेसरपेक्षा स्वस्त पडतो.

गॅस बदलत राहणार, हेही धरून चालावं. आर-२२ ची नवी मशीनं बंद झाली, जुनी अजून भिंतीवर आहेत. मॉन्ट्रियल करारानुसार भारताला त्याचा वापर २०३० पर्यंत जवळपास संपवायचा आहे. किगाली दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये मान्य केली, तिच्यात आर-४१०ए आणि आर-३२ सुद्धा हळूहळू कमी करायचे आहेत. पेट घेणारे गॅस वाढतील. त्यांच्या हाताळणीचं छोटं प्रशिक्षण मिळालं तर हंगाम सोडून करावं.

या प्रकरणातल्या मुलाचा पावसाळा असा ठरला : जून संपला की एसीचे कॉल कमी होतात, तेव्हा मालकांच्या हॉस्पिटल करारावर फिल्टर आणि पट्ट्यांचं काम, आणि त्याच काळात ॲप्रेंटिसशिपचा अर्ज. १९६१ च्या शिकाऊ कायद्याखाली एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या युटिलिटी विभागात एक वर्ष केलं आणि परीक्षा दिली की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, आणि चिलर, कूलिंग टॉवर जवळून पाहायला मिळतात. मालकांची हरकत नव्हती, फक्त मार्चच्या आधी सांगून जा म्हणाले. ॲप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदणी करण्याआधी आयटीआयच्या प्रमाणपत्रावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते पाहून घ्यावं, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो.